रुसव्यांचं कपाट

घर दाखवता दाखवता घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "म्याडम, तुमच्या लग्नात कोन रुसलं होतं?"

मी सात गावांत नोकरी केली आणि सात घरमालक बघितले. मटण शिजवता का, पाहुणे किती येतात, मोटर किती वेळ लावता, हे प्रश्न मला पाठ होते. हा नवीन होता. ईट गावच्या सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट म्हणून मी बदलून आले होते. नवरा लातूरला, मुलगी वसतिगृहात, आणि सामानाचा टेंपो दारात उभा. वाद घालायला वेळ नव्हता, म्हणून खरं ते सांगितलं. "माझ्या नवऱ्याचे मावसकाका. पानात मोडका पापड पडला म्हणून."

"जेवनाआधी रुसले का जेवल्यावर?"

"जेवल्यावर."

त्यांनी समाधानानं मान डोलावली. "जेवून रुसला त्यो खरा. उपाशी मानूस कुनावर बी रुसतंय." आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

खोली चांगली होती. फक्त एका भिंतीला लाकडी कपाट होतं, जमिनीपासून माळ्यापर्यंत, आणि ते रिकामं करून मिळणार नाही अशी अट होती. कपाटात दोनशेच्या वर व्हिडिओ कॅसेटी होत्या. सगळ्या घरच्या. म्हणजे लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, जावळं, ट्रॅक्टरची पूजा, वास्तुशांत. घरमालक मोजणी खात्यात नोकरीला होते. जमिनी मोजता मोजता त्यांनी दुबईहून आलेल्या कुणा ओळखीच्याकडून खांद्यावरचा कॅमेरा घेतला आणि त्यानंतर त्यांच्या नात्यातला एकही माणूस बिनशूटिंगचा जन्मला नाही की बिनशूटिंगचा नांदायला गेला नाही. पुढं हातात मावणारा छोटा कॅमेरा आला, पण जुन्या कॅसेटींवरचं त्यांचं प्रेम कमी झालं नाही. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट आणि खिशातून लोंबणारी काळी दोरी. दोरीच्या टोकाला भिंगाचं झाकण. कॅमेरा घरी असला तरी झाकण सोबत असायचं. काकू म्हणायच्या, "दुसऱ्याचं नवरं खिशात तंबाखू ठिवत्यात, आमचं टोपन ठिवतंय."

रविवारी सकाळी कपाटाशी काम असल्यामुळं ते माझ्या दारावर टकटक करायचे. मी भाजी निवडत बसायचे आणि ते कपाट उघडून बसायचे. तिथंच मला त्यांच्या मांडणीचा इतिहास कळला.

सुरुवातीला त्यांनी कॅसेटी तारखेप्रमाणं लावल्या होत्या. पण पाहुणे यायचे आणि म्हणायचे, "आमच्या थोरल्याचं लग्न दाखवा की." लग्न कधी झालं? कुणाला आठवत नाही. ज्वारी काढायला आली होती, एवढं आठवतं. म्हणून दुसऱ्या खेपेला त्यांनी नवरीच्या नावाप्रमाणं लावल्या. त्यात तीन सुरेखा, चार मंगल, आणि लग्नात नाव बदललेल्या सगळ्या वेगळ्याच. माहेरचे जुन्या नावानं शोधायचे, सासरचे नव्या नावानं, आणि एक बाई तर अशी निघाली की तिला सासरी ठेवलेलं नाव पसंतच नव्हतं, म्हणून दोन्हीकडं ठेवू नका म्हणाली. मग आलं गोडाधोडाप्रमाणं. बुंदीचा खण, जिलबीचा खण, शिऱ्याचा खण. हे बरं चाललं असतं, पण त्या काळात जो तो बुंदीच करायचा. बुंदीचा खण भरून वाहायला लागला आणि शिऱ्याच्या खणात एकच कॅसेट, तीही शिरा करपला होता म्हणून कुणी मागायचं नाही.

शेवटी त्यांना ती युक्ती सापडली. कशी सापडली विचारलं तर म्हणाले, "म्याडम, लग्न इसरतंय, रुसवा न्हाय."

तेव्हापासून कपाट रुसव्यांवर लागलं. प्रत्येक कॅसेटीवर पांढरी पट्टी, त्यावर मोजणी खात्याच्या सुबक अक्षरात कोण रुसलं आणि का. 'मामा – जीपमध्ये मागं बसवलं.' 'व्याही – पाण्यात बर्फ नाही.' 'धाकटे जावई – सफारीचं कापड आखूड.' 'मावशी – फोटोत डोळे मिटले.' 'नवरदेव – घोडा म्हातारा.' वरचे दोन खण जेवणाआधी रुसलेल्यांचे, मधले तीन जेवून रुसलेल्यांचे. समजूत निघाली असेल तर पट्टी तशीच. रुसवा अजून चालू असेल तर कॅसेटीला लाल दोरा. दिवाळीच्या पाडव्याला ते सगळ्यांना फोन करून खात्री करायचे, "काय पाव्हनं, त्या बर्फाचं मिटलं का अजून हाय?" मिटलं असलं तर दोरा सोडायचे. या फोनांमुळं मिटलेले दोन-तीन रुसवे पुन्हा सुरू झाल्याचं काकूंनी मला सांगितलं.

मला हे सगळं खुळचट वाटायचं. औषधांच्या खोलीत वीस वर्षं काढलेली बाई मी. आमच्याकडं जुनं पुढं, नवं मागं, प्रत्येक खोक्यावर तारीख, आणि डोळे झाकून हात घातला तरी बरोबर डबा लागला पाहिजे. पण खरं सांगायचं तर त्यांचा हात माझ्यापेक्षा लवकर लागायचा. पाहुणा दारात आला, "आमच्या पम्याचं लग्न..." एवढं म्हणाला, की हे विचारायचे, "कोन रुसलं होतं?" पाहुण्याला लग्नाचं साल आठवत नसायचं, गाव आठवत नसायचं, एकाला तर नवरी नक्की कोणती तेच आठवेना. पण कोण रुसलं ते क्षणात. "आमचं आण्णा की! मांडवात पंखा तिकडं फिरवला म्हनून!" आणि पाहुणा चप्पल काढेपर्यंत कॅसेट हातात.

एकदा ते तीन दिवस परगावी गेले तेव्हा मी गुपचूप वरच्या खणातल्या चाळीस कॅसेटींना नंबर दिले, वहीत नोंद केली, तारखेप्रमाणं लावल्या. काकूंनी उत्साहानं फडकं मारलं. ते परत आले, कपाट उघडलं, बराच वेळ बघत राहिले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्याडम, औषधावर तारीख असती, कारन औषध मरतंय. रुसवा मरत न्हाय." आणि संध्याकाळपर्यंत सगळं जागच्या जागी लावलं. वही मला परत दिली, दळणाचा हिशोब लिहायला.

आणखी एक. सगळ्यात खालच्या फळीवर ज्या कार्यात कुणीच रुसलं नव्हतं त्या कॅसेटी होत्या. दोनच होत्या. एक, शेळीचं बाळंतपण. आपल्याकडची शेळी नावाजलेली, आणि यांच्या शेळीनं एका वेळी तीन पिल्लं दिली म्हणून तिचं अथपासून इतिपर्यंत शूटिंग होतं. दुसरी, कॅमेरा चुकून चालू राहिला आणि तासभर पलंगाखालचं दिसत राहिलं ती. तीही त्यांनी फेकली नव्हती. म्हणायचे, "घरचंच हाय की."

या अशा कपाटात फक्त एक कॅसेट नव्हती, आणि ती त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नाची होती.

त्या लग्नात त्यांची थोरली बहीण रुसली होती. आक्का. तामलवाडीला दिलेली. यांची आई लवकर गेली, म्हणून आक्कानंच यांना वाढवलं होतं. भाचीच्या लग्नासाठी आक्कानं महिनाभर खपून रुखवत केलं होतं. खारकांची बैलगाडी, सुपारीचे भटजी, शेंगदाण्यांचं देऊळ, साखरेची तुळस. मांडवात ती रुखवताशेजारी उभी राहून वरपक्षाच्या बायकांना एकेक वस्तू सांगणार होती. आणि जेवणाची पंगत बसायच्या आत ती न जेवता तामलवाडीला निघून गेली. तिचं म्हणणं असं की भावानं भर मांडवात तिला 'सरक, सरक' करून तिच्याच रुखवतापासून हाकललं. भावाचं म्हणणं असं की तो असं काही बोललाच नाही. "उलट तिचं रुखवत म्या अकरा मिंटं घेतलंय! कुनाचं घेतंय का कोन अकरा मिंटं?"

बावीस वर्षं झाली होती. आक्कानं ईटच्या वेशीत पाऊल टाकलं नव्हतं.

"मग ती कॅसेट लावून बघा ना," मी एकदा म्हणाले.

"घावंना," ते म्हणाले. "तिच्यावर पट्टीच न्हाय. पट्टीवर काय लिवू? कारनच न्हाय त्या रुसव्याला. बिनकारनाच्या रुसव्याला खन कुठला?"

म्हणून ती आधी कपाटावर होती, मग टीव्हीखाली होती, आणि मग कुठंच नव्हती.

हे असंच चाललं असतं. पण त्या वर्षी त्यांच्या नातीचं लग्न ठरलं, म्हणजे त्याच मुलीच्या मुलीचं. मुलगी बार्शीला दिलेली. ती आली, चहा प्यायली आणि बापाला स्वच्छ सांगून गेली, "आप्पा, आधी आत्याला आना, मग क्यामेरा आना. आत्या आली न्हाय तर तुमचा क्यामेरा मांडवात यायचा न्हाय. आम्ही बाहेरचा शूटिंगवाला ठरवला."

बाहेरचा शूटिंगवाला! त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकूंनी मला कपाटाशी बोलावून हळूच विचारलं, "ह्ये आता जेवनाआधी रुसल्यात. कंच्या खनात ठिवायचं?"

त्यांनी आक्काला फोन लावला. आक्काकडं बटणांचा जुना फोन. ती इतक्या मोठ्यानं बोलायची की मला माझ्या खोलीत ऐकू आलं, "तू मला सरक म्हनलास ह्ये तोंडानं कबूल कर. मग बघू."

"म्हनलोच न्हाय तर कबूल काय करू?"

"मग ऱ्हा तसाच."

"शूटिंग हाय माज्याकडं! पुरावा हाय!"

"दाव की मग!"

फोन बंद झाला. लग्नाला तीन आठवडे होते. ते माझ्याकडं वळले आणि पहिल्यांदाच, कपाटाच्या बाबतीत, मला म्हणाले, "म्याडम, तुमी म्हनताल तसं."

मला एकच पद्धत येते. वरच्या खणापासून सुरू करायचं, प्रत्येक खोकं उघडायचं, आत जे आहे ते लावून बघायचं, बाहेर लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही. दवाखान्यात मी असंच करते. व्हीसीआर खाली उतरवला. त्याचं डोकं पुसायला त्यांनी माझ्याकडं दवाखान्यातलं स्पिरिट मागितलं. सरकारी स्पिरिट मिळणार नाही म्हणून सांगितलं आणि मेडिकलमधून बाटली आणून दिली. चार संध्याकाळी आम्ही तिघं बसलो. निम्म्या कॅसेटींना बुरशी लागली होती, कित्येकांत पडद्यावर नुसती मुंग्यांची वारुळं दिसायची. मी हसले नाही असं नाही. एका लग्नात अर्धा तास फक्त नवरदेवाच्या मामाचा पाय होता, कारण त्याचा बूट नवीन होता आणि त्यानं तो घ्यायला लावला होता. एका बारशात पाळण्यात बाळच नव्हतं. बाळ दुसऱ्या खोलीत झोपलं होतं, पण शूटिंगचा मुहूर्त चुकू नये म्हणून बायकांनी रिकामा पाळणा हलवून गाणी म्हटली होती.

चौथ्या संध्याकाळी आम्ही खालच्या फळीवर आलो.

"ती शेळी हाय," ते म्हणाले. "ती कशाला उगडायलाव? शेळीत काय न्हाय."

"सगळं उघडायचं," मी म्हणाले.

शेळीच्या खोक्यातून निघाली ती बिनपट्टीची कॅसेट. शेळीची कॅसेट पलंगाखालच्या खोक्यात होती, आणि पलंगाखालचं कुठं गेलं ते अजून कळलेलं नाही.

कॅसेट लावली. मांडव आला, सनई आली, वीस-बावीस वर्षांनी तरुण असलेल्या काकू आल्या, त्यांनी पदर तोंडावर घेतला. मग रुखवत आलं. खारकांची बैलगाडी खरोखर सुंदर होती. चाकांना बडीशेपेच्या गोळ्या लावल्या होत्या. गाडीशेजारी एका हिरव्या लुगड्याचा काठ दिसला, आणि टीव्हीतून मोठा, स्पष्ट, आत्ता माझ्याशेजारी बसलेल्या माणसाचाच आवाज आला.

"आक्का, सरक."

काठ थोडा हलला.

"अजून सरक. अजून. तुजी सावली पडायलीय भटजीवर. आक्का, सरक की गं! अगं तिकडं! आवं, कुनीतरी हिला जेवायला घिऊन जावा बरं!"

हिरवा काठ चित्रातून निघून गेला. नंतर अकरा मिनिटं रुखवत. नुसतं. कुणी माणूस नाही.

त्यांनी खिशातलं झाकण चाचपलं. मग म्हणाले, "आवाज बारीक करा."

काकूंनी केला नाही.

"ह्यो माजा आवाज न्हाय."

"मग कुनाचा?" काकू म्हणाल्या. "शेळीचा?"

तीस वर्षं शेतात मोजणीच्या यंत्राला डोळा लावून, दूर काठी धरून उभ्या माणसाला 'सरक, डावीकडं सरक, अजून सरक' असं ओरडण्यात गेलेला हा माणूस. भिंगाला डोळा लावला की त्यांचं तोंड आपोआप चालायचं. ते त्यांना ऐकूसुद्धा यायचं नाही. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि हेच जास्त वाईट होतं, कारण आता खोटं पडलं होतं ते त्यांचंच म्हणणं, आक्काचं नव्हे.

मी म्हणाले, एवढा तुकडा मोबाईलवर घेऊ आणि तामलवाडीतल्या कुणाला तरी पाठवू. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी तारखेप्रमाणं लावायला सांगितलं. "अकरा मिंटं रुखवत हाय म्याडम. तेवढ्याशा काचंवर दावू?"

तर रविवारी सकाळी टेंपोत टीव्ही, गादीत गुंडाळलेला व्हीसीआर, कुंथलगिरीचा पेढा आणि ते. मला काकूंनी पाठवलं. त्यांच्या घरात पापड-कुरडया चालल्या होत्या. "तुमी जावा. न्हायतर ह्ये येडशीतनंच माघारी येत्याल." येडशीला त्यांनी खरंच टेंपो थांबवायला सांगितला. कॅसेट घरी राहिली की काय बघतो म्हणाले. कॅसेट माझ्या पर्समध्ये होती. मी ड्रायव्हरला म्हणाले, चल.

तामलवाडीला पोचलो तेव्हा आक्का अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. ऐंशीच्या असतील. कपाळावर मोठं कुंकू, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. भाऊ टीव्ही मिठीत धरून दारात उभा. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सुनेला हाक मारली, "अगं, बघ, टीवी इकायला आलंय कोन तरी. आपल्याला नगं म्हनून सांग."

सून शहाणी होती. तिनं खाट ओढून त्यावर टीव्ही ठेवून घेतला. वायर आतून आणली, जोडली, आणि लाईट गेली.

तास-दीड तास लाईट आली नाही. तो वेळ मी जन्मात विसरणार नाही. बहीणभाऊ दोन हातांवर बसलेले आणि एकमेकांशी एक शब्द नाही. सगळं माझ्यातून.

"बाई, इचारा, च्या घेत्यात का."

"म्याडम, सांगा, बिनसाकरंचा."

"कवापासनं बिनसाकरंचा?"

"सांगा, चार वर्सं झाली. साकर निगाली."

"आमाला कुनी कळवलं न्हाय म्हनावं."

"सांगा, फोन उचलत न्हवतं कुनी."

मी म्हणाले, दोघांनाही ऐकू येतंय, मला मध्ये घालू नका. त्यावर दोघंही माझ्यावर नाराज झाले आणि बहुधा बावीस वर्षांत पहिल्यांदा एका बाजूला आले.

लाईट येईपर्यंत शेजारच्या पंधरा-वीस बायका अंगणात जमल्या होत्या. ईटचा भाऊ टीव्ही घेऊन आलाय ही बातमी गल्लीत फिरली होती. कॅसेट लावली. मांडव आला, सनई आली. रुखवत आल्याबरोबर आक्कांनी शेंगांचं सूप खाली ठेवलं आणि पुढं सरकून बसल्या.

"त्यो बगा खारकंचा बैल! शिंगं लवंगांची हायेत. ती बगा, देवळाला कळस बदामाचा..." बावीस वर्षांत त्यांनी ते पुन्हा पाहिलं नव्हतं. करून वरपक्षाकडं गेलं, तिथल्या पोरांनी खाल्लं असणार.

आणि मग आवाज आला. सरक. अजून सरक. हिला जेवायला घिऊन जावा बरं.

आक्का टीव्हीकडंच बघत होत्या. "मागं घ्या, बाई."

मी मागं घेतलं. पुन्हा आवाज आला. "अजून एकदा." तिसऱ्या वेळी पुढच्या रांगेतल्या दोन बायका टीव्हीबरोबरच म्हणाल्या, "सरक की गं!" पाचव्या वेळी आख्खं अंगण म्हणालं.

आक्का सुनेकडं वळल्या. "ऐकलंस? सतरा वर्सं झाली तुला येऊन, सतरा वर्सं म्हनतीस, आत्याबाई, तुमाला भास झाला आसंल. ह्यो भास बोलायलाय बग."

सुनेनं कान पकडले. आता सगळ्या नजरा भावाकडं. ते उठले, खिशातलं झाकण काढून बोटांत फिरवलं. "आक्का, फोकस चुकला."

"फोकस न्हाय. दुसरं."

"जागा लई बारकी होती..."

"दुसरं."

"म्या चुकलो," ते म्हणाले. "म्या म्हनलो तसं. मला म्हाईत न्हवतं म्या म्हनलो ते. पन म्हनलो."

आक्कांनी शेंगांची टरफलं पदरातून झटकली. "वाळलास लई," म्हणाल्या, आणि ते वाक्य माझ्यातून गेलं नाही.

आक्का नातीच्या लग्नाला आल्या, चार दिवस आधी आल्या आणि सगळ्यांना कामाला लावलं, हे वेगळं सांगायला नको. सांगण्यासारखं आहे ते त्या अंगणातल्या पुढच्या पाव तासातलं.

"क्यामेरा आनलायस?" आक्कांनी विचारलं.

"आनलाय."

"काड. टीवी पैल्यापासनं लाव. म्या माज्या रुखवताजवळ हुबी ऱ्हाते. त्या येळंला सांगायचं ऱ्हायलं, आता सांगते."

त्या आत जाऊन लुगडं बदलून आल्या. टीव्हीशेजारी ताठ उभ्या राहिल्या, एक हात टीव्हीवर. मी व्हीसीआर चालू केला. भावानं कॅमेऱ्याला डोळा लावला. पण टीव्ही खाटेवर, आक्का उंच, आणि दोन्ही काही एका चित्रात मावेना. त्यांचं तोंड उघडलेलं मला दिसलं. ते त्यांनी मिटलं. आणि एक पाऊल मागं गेले.

"ही खारकंची बैलगाडी," आक्का सांगू लागल्या. "खारका तुळजापूरच्या बाजारातल्या. चार रात्री भिजत घातल्या."

टीव्हीतून आवाज आला, "आक्का, सरक."

"न्हाय सरकत," आक्का टीव्हीला म्हणाल्या. "काय करतूस ती कर."

ते आणखी एक पाऊल मागं गेले.

"हे सुपारीचं भटजी. धोतर कापसाचं हाय. शेंडी माज्या सोताच्या केसाची."

"अजून सरक. अजून," टीव्ही म्हणाला, आणि कॅमेऱ्यामागचा माणूस मागं, आणखी मागं जात राहिला. बायका ओरडल्या, "आवं, मागं बगा!" पण भिंगाला डोळा लागला की त्यांना कुणाचं ऐकू येत नाही, स्वतःचंसुद्धा. मागं म्हशीचा पाण्याचा हौद होता. ते त्यात बसले. म्हणजे पडलेच, पण कॅमेरा धरलेला हात वर राहिला, म्हणून बसल्यासारखं दिसलं. म्हैस दचकून बाजूला झाली. अंगणातल्या बायका हसून एकमेकींच्या अंगावर कोसळल्या.

"उटू का आक्का?" त्यांनी हौदातून विचारलं.

आक्का जागच्या हलल्या नाहीत. हात तसाच टीव्हीवर. "बस तितंच. देऊळ झालं, तुळस सांगायची ऱ्हायलीय अजून."

त्यांनी कॅमेरा खाली घेतला, डोळ्याला लावला आणि छातीपर्यंत पाण्यात बसून तुळशीचं शूटिंग केलं.